गॅसची चाळणी घ्यावी, पण पारखून



प्रेसमड म्हणजे रानात टाकायचे खत, एवढीच आपली आजवरची समजूत. आता त्याच प्रेसमडचा गॅस करून मोटारीत भरता येतो. केंद्र सरकारने २०१८ साली त्यासाठी 'सतत' योजना सुरू केली, तेव्हापासून हा विषय साखर कारखान्यांच्या दारात आला आहे.

प्रेसमड कुजवून निघणाऱ्या गॅसमध्ये जळणारा मिथेन निम्म्याहून थोडा जास्त; बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. मोटारीला मिथेन किमान ९० टक्के लागतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावा लागतो. त्याचा एक मार्ग म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पडदा. दाब दिला की कार्बन डायऑक्साइड भराभर पलीकडे जातो, मिथेन बराचसा अलीकडे राहतो.

अशा पडद्यांत वीज वाहून नेणाऱ्या पॉलिॲनिलीनचा गवगवा झाला. १९९१ साली अमेरिकेत लॉस एंजलिसच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की या पडद्याला आम्ल पाजून पुन्हा ते अल्कलीने काढून घेतले, तर गॅस जाण्याच्या वाटा कमीजास्त करता येतात. मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइड ३३६ पट सहज पार होतो, असा त्यांचा आकडा.

आकडा ऐकून कोणीही हुरळेल. पण रस गाळायचे कापड जितके घट्ट, तितका रस सावकाश उतरतो, हे आपल्याला सांगायला नको. गॅसचेही तसेच. शिवाय हा पडदा ठिसूळ. प्रयोगशाळेत तुकडा जमला म्हणून कारखान्याला पुरेल एवढा बिनभोकाचा पडदा होतोच असे नाही. आज बायोगॅसला वापरतात ते पॉलिइमाइडसारखे, चालवून पाहिलेले पडदे.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे : विज्ञानाचे कौतुक जरूर करावे, पण सभासदांचा पैसा चालत्या यंत्रावरच टाकावा. असा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आला, तर तीन गोष्टी उभे राहून विचाराव्यात. कुजक्या अंड्याच्या वासाचा गंधकवायू आणि ओल आधी काढायची सोय काय? त्याने पडदा खराब होतो. कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेन किती वाया जाणार, आणि त्याची लेखी हमी कोण देतो? आणि तिसरी, गॅस काढून उरलेला चोथा सभासदाच्या रानात परत येणार का, व कोणत्या भावाने?

गॅस कारखान्याने खुशाल विकावा. पण नत्र, स्फुरद बहुतेक चोथ्यातच राहते, आणि ते आपल्या उसाचे आहे. चोथा दुसऱ्याच्या रानात गेला, तर गॅसचे पैसे खताच्या दुकानात जातील. म्हणून हिशेब आधी, सही मागून!