लाल मण्याची गोष्ट

बालमित्रांनो, एका मिनिटात तुम्ही किती वेळा श्वास घेता? नाही ना सांगता येत? परवा आमच्या तिसरीच्या वर्गानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजून पाहिलं. कुणाचे वीस, कुणाचे चोवीस. एक पठ्ठ्या मैदानावरून पळत आला होता, त्याचे चाळीस! वर्गात नुसता हशा पिकला.

पण हीच मोजणी एखाद्या बाळाचा जीव वाचवू शकते, हे ठाऊक आहे का?

महाराष्ट्राचा नकाशा उघडा. आपलं रहिमतपूर पश्चिमेला, तर गडचिरोली पार पूर्वेच्या टोकाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आलं आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी काय केलं? मोजलं! गावोगावी किती बाळं जन्मली, किती दगावली, याची नोंद ठेवली. १९८८ साली तिथं जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. त्यात न्यूमोनियाचा वाटा फार मोठा होता.

डॉ. अभय बंग एक आठवण सांगतात. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दोन बायका हाडकुळं, आजारी बाळ घेऊन त्यांच्याकडे आल्या. उपचार सुरू होण्याआधीच बाळ गेलं. ते का गेलं, याची कारणं डॉक्टरांनी लिहून काढली, तर ती भरली अठरा! आईची उपासमार, हिवताप, गरिबी, अंधश्रद्धा, वाटेतली नदी... म्हणजे आजार बाळाच्या छातीत होता, पण त्याची मुळं घरात, पोटात आणि रस्त्यात पसरलेली होती. अठरा कारणं एकदम कशी दूर करणार? पण साखळीची एक कडी तुटली, तरी साखळी तुटतेच की!

न्यूमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. गावात डॉक्टर नव्हता, पण सुईणी होत्या. अडचण अशी, की त्यातल्या कितीतरी जणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग बंगांनी एक साधं यंत्र बनवलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. आधी हिरवे मणी, शेवटी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. आहे की नाही गंमत? शाळेची पायरी न चढलेल्या आज्या हे शिकल्या! १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष छापून आले. जिथं हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

पुढं १९९५ पासून ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाला तपासतात ना? त्याची वाट या कामानंही दाखवली.

आता आपल्या गावाकडं येऊ. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. दोन वर्षांपूर्वी त्या कोप्यांतली एक मुलगी माझ्या वर्गात होती. सारखे खाडे करायची. "शाळा म्हणजे काय खेळ वाटला का गं?" असं मी तिला सगळ्यांसमोर बोलले. ती गप्प राहिली. चार दिवस आली नाही, तेव्हा बघायला गेले. आई-बाप पहाटेच फडात गेलेले. कोपीत चुलीचा धूर कोंडलेला आणि हिच्या मांडीवर वर्षाच्या आतला भाऊ, धापा टाकत असलेला. मी मनगटावरचं घड्याळ बघून मोजलं. अठ्ठावन्न! तसंच त्याला दवाखान्यात नेलं. न्यूमोनियाच निघाला. पोरगं वाचलं हो, पण मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजेरीपटावर मी तिचे खाडे तेवढे मोजले होते, कारण कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच मी तिची माफी मागितली.

म्हणून सांगते, शेजारच्या बाकावरचा मित्र सारखा गैरहजर असेल, तर हसू नका. त्याच्या घरी जाऊन या.

आणि आई-बाबांसाठी दोन ओळी. बाळाला खोकला असेल, तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठा. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ पीत नसेल, तर मोजत बसू नका, आधी निघा. बाळाला चुलीच्या धुरापासून दूर ठेवा.

मुलांनो, तुम्हाला तर शंभरपर्यंत मोजता येतं. मग घरातलं घड्याळ घ्या आणि आजच आई-बाबांना हे शिकवा!

– तुमच्या बाई