जिनिव्हाची कमिटी आणि आपल्या उसाचा दर



गेल्या महिन्यात कारखान्याच्या कामाने आमचे अंबरनाथला जाणे झाले. आपल्यापैकी काहींची मुले तिकडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि बदलापूरला राहतात. वाटेत उल्हासनगर लागते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. १९४९ साली त्याच छावणीचे उल्हासनगर झाले.

१९५१ साली जिनिव्हात निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचा मसुदा आधी एका कमिटीने केला होता. निर्वासित कोण? जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि ज्याला त्या देशाचे संरक्षण नाही, तो. उल्हासनगरचे लोक तर भारताचे नागरिक झालेले. म्हणजे घरदार गेले तरी त्या कागदावर ते निर्वासित नाहीत! भारताने त्या करारावर सही केलेली नाही. चार माणसे एक व्याख्या लिहितात आणि कोण आत, कोण बाहेर हे ठरून जाते.

तुम्ही म्हणाल, साहेब, याचा आमच्या उसाशी काय संबंध? आहे, जवळचा आहे.

२०१९ साली ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जिनिव्हातल्याच जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. तक्रार होती आपल्या एफआरपीवर आणि साखर निर्यातीच्या अनुदानावर. भारताने सांगितले, उसाचे पैसे सरकार देत नाही, कारखाने देतात. डिसेंबर २०२१ मध्ये पंचमंडळाने ते मानले नाही. दर सरकारने ठरवला म्हणजे तो आधारच, असा निवाडा दिला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत हा आधार १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असे त्यात म्हटले आहे.

आता हा हिशेब कसा करतात तो पाहा. १९९५ पासून लागू असलेल्या शेती करारात तुलनेचा दर १९८६ ते १९८८ सालचा धरलेला आहे. आजचा खताचा, मजुरीचा, तोडणीचा खर्च आणि तुलना त्या वेळच्या दराशी! बांध कुठे घालायचा हे ज्याने ठरवले, त्याने निम्मा दावा तिथेच जिंकला.

भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडले होते. काही जण यावर खूश झाले. आम्हाला ते पटत नाही. न्यायाधीश नाही म्हणून दावा जिंकला, असे होत नाही. आणि आपल्या अनुदानाच्या साखरेने बाजार पडला तर तिकडच्या शेतकऱ्यालाही झळ बसते, हेही मान्य केले पाहिजे. नियम नकोत असे नाही. नियम नसतील तर दांडगा तोच खरा. नियम बदलून घ्यायला हवेत, आणि तुलनेचे जुने साल बदलणे हे पहिले काम आहे.

ते दिल्लीने करायचे, खरे. पण दिल्ली कशाच्या जोरावर बोलणार? २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरली. त्यामागे कृषी मूल्य आयोगाची शिफारस असते आणि आयोगापुढे उत्पादन खर्चाचे आकडे असतात. आमच्या गटातल्या किती सभासदांकडे एकरी खर्चाची वही आहे? विचारले की उत्तर येते, "अंदाजे धरा की हो!" अंदाजाने जिनिव्हात दावा उभा राहत नाही.

वार्षिक सभेलाही तेच. अहवाल न वाचता हात वर करायचा आणि जेवून घरी यायचे. मग दर पडला की बोंब मारायची. याला वरातीमागून घोडे म्हणतात.

म्हणून या लागणीपासून प्रत्येकाने खर्चाची वही ठेवावी. बेणे, पाणी, खत, मजुरी, सगळे तारखेनिशी लिहावे. नोंदी कशा करायच्या ते गटातील शेती मदतनीस दाखवतील. आणि मते मागायला येणाऱ्याला एकदा तरी विचारावे, जिनिव्हात आमच्या उसाबद्दल तुम्ही काय बोललात?