‘समजलं का?’ विचारणं मी सोडलं

ऑनलाइन तास संपताना आपण विचारतो, “समजलं का?” स्क्रीनवरच्या चौकटींत दोन-चार माना हलतात, अंगठे वर येतात. आपण समाधानाने लॅपटॉप मिटतो. मीही मिटायचे.

इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मी दर रविवारी ऑनलाइन मराठी शिकवते. एकदा ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांतल्या ‘च’चे उच्चार वेगळे कसे, हे चाळीस मिनिटं समजावलं. गोंगाट नको म्हणून सगळ्यांचे माइक बंद ठेवले होते. शेवटी सगळ्यांनी अंगठे दाखवले. संध्याकाळी एका मुलीच्या आजीचा फोन आला, “ताई, ही अजून ‘चाक’मधला ‘च’ ‘चार’सारखाच म्हणते. वर्गात बोलायलाच मिळत नाही, म्हणून पुढच्या रविवारी बसणार नाही म्हणते.”

मी गप्पच झाले. उच्चाराचा तास, आणि एकाही मुलाचा आवाज मी ऐकला नव्हता!

समोरासमोर शिकवताना चेहरे बघून आपल्याला अंदाज येतो. ऑनलाइन तो येत नाही. म्हणून समोरच्याला वरचेवर काहीतरी करायला लावावं लागतं. आपले कीर्तनकार हेच करतात. निरूपण लांबलं की मध्येच “विठ्ठल विठ्ठल” म्हणायला लावतात, आणि पेंगणारा श्रोताही टाळी धरतो.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. तुम्हाला शिकवणी घ्यायची असो वा ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायचं असो, करून पाहा.

छोटं काम द्या. दर पाच-सात मिनिटांनी एक. “समजलं का?” ऐवजी “चमचा म्हणून दाखव” किंवा “या दोन आकड्यांत मोठा कोणता?” असं विचारा. उत्तर आलं की समजलं की नाही, ते आपोआप कळतं.

आधी नाव, मग प्रश्न. म्हणजे माइक सुरू करायला वेळ मिळतो. उत्तर येत नसेल तर “पुढे जा” म्हणायची मोकळीक ठेवा. कुणाची फजिती होता कामा नये.

थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला होता. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं मोठी आली आणि गप्प राहणारी मुलं कमी झाली. ऑनलाइन तर नेटवर्कही रेंगाळतं. मी मनात दहापर्यंत मोजते.

चॅट वापरा. सगळ्यांनी उत्तर टाइप करायचं, पण “पाठवा” म्हटल्यावरच पाठवायचं. मग कुणी दुसऱ्याचं बघून लिहीत नाही आणि बुजरी मुलंही उत्तर देतात.

कॅमेऱ्याचा हट्ट नको. कुणाकडे डेटा कमी असतो, कुणाच्या घरात एकच खोली असते. शिवाय सतत स्वतःचा चेहरा दिसणं आणि एका जागी खिळून बसणं यानेही थकवा येतो, असं स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं. स्वतःची चौकट लपवता येते, तेवढं मुलांना शिकवा. अर्ध्या तासाने सगळ्यांना उभं करा, घरातली एखादी वस्तू आणायला पाठवा.

पुढच्या रविवारी मी तेच केलं. “घरातली ‘च’ असलेली वस्तू आणा,” म्हटलं. आजीने समजावून बसवलेली ती मुलगी धावत गेली आणि चाळणी घेऊन आली. माइक सुरू करून म्हणाली, “चाळणी!” ‘च’ अगदी ‘चाक’मधला. मागून आजीचा आवाज आला, “अगं, पीठ सांडलं सगळं!”

तो तास पंधरा मिनिटं लांबला. कुणीच आधी उठलं नाही.