शुद्ध-अशुद्ध

पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून, सर्टिफिकेट मिरवत आम्ही सहकुटुंब झुरिकला आलो. पहिल्याच दिवशी दुकानात विमान जमिनीवर! लिहायला प्रमाण जर्मन, पण बोलायला सगळ्यांनाच स्विस बोली, अगदी बँकेतल्या साहेबालासुद्धा. बालवाडीतही बोलीच हवी, असा कौल झुरिक कॅन्टनच्या मतदारांनी २०११ मध्ये दिलाय. त्यामुळे आता आमची लेक माझं 'ग्रुएत्सी' सुधारते.

बायको अकोल्याची. हसत म्हणाली, "आता कसं वाटून राह्यलं?"

लग्नानंतर तिचं वऱ्हाडी मीच 'शुद्ध' केलं होतं. चारचौघांत. तेव्हा तिला कसं वाटलं असेल, हे कळायला मला झुरिक गाठावं लागलं. बोलीला अशुद्ध म्हणणं हा निव्वळ माज आहे, दुसरं काही नाही.

हल्ली घरात वऱ्हाडी चालते. चुकलो, की ती सुधारते.