‘दाखला कुठे आहे?’

ठाकूरद्वारच्या आमच्या खोलीत येणारी बाई पूर्वी आधी रडायची, मग बोलायची. आता ती आधी मोबाईल पुढे करते. ‘ताई, हे वाचा.’ संशय, धमक्या, बदनामी सगळं जुनंच आहे. पुरावा मात्र या हातातल्या यंत्रात येऊन बसला आहे, आणि त्याचं कोर्टात काय करायचं हे तिला, आम्हाला, पोलिसांना आणि पुष्कळदा सरकारी वकिलांनाही वेळेवर उमगत नाही.

सुमनचंच घ्या. (नाव बदललं आहे.) इथल्याच चाळीतली, एका दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी. 2017 साली तिचं ठरलेलं लग्न मोडलं. त्या मुलाने तिचे खाजगी फोटो तिच्या मामेबहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि सुमनला धमक्यांचे मेसेज सुरू केले. फिर्याद नोंदवायला गेलो तेव्हा ठाण्यातले साहेब म्हणाले, ‘फोन राहू द्या, झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणा.’ आम्ही खूश! फोन जप्त झाला असता तर सुमनचं काम अडलं असतं. त्या प्रिंट फिर्यादीला टाचल्या आणि आम्ही निर्धास्त झालो. ही आमचीही चूक होती.

चार वर्षांनी साक्ष निघाली. सरकारी वकील एक बाईच होत्या. हाताखाली त्या दिवशीच्या प्रकरणांचा ढीग. सुमनची फाईल त्यांनी त्याच सकाळी पहिल्यांदा उघडली. बचावाच्या वकिलाने विचारलं, ‘या कागदांना पासष्ट-ब चा दाखला कुठे आहे?’ तो नव्हताच. पुढची तारीख मागून घेतली, पण तोवर फोन एक्स्चेंजमध्ये जाऊन वर्षं लोटली होती, आणि मामेबहिणीला सासरचे कोर्टाची पायरी चढू देईनात. आरोपी सुटला. जिन्यात सुमनने मला विचारलं, ‘ताई, म्हणजे मी खोटी ठरले का?’

तेव्हा मला त्या वकीलबाईंचा संताप आला होता. आज तो दुसरीकडे वळला आहे.

हा दाखला काय आहे ते समजून घेऊ. पुरावा कायद्यात 2000 साली कलम 65-ब आलं. यंत्रातल्या मजकुराची प्रत कोर्टात द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचा सहीनिशी दाखला हवा. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो सक्तीचा आहे म्हटलं, 2018 मध्ये थोडी सूट दिली, आणि 2020 मध्ये हा घोळ मिटवला तो आपल्या जालन्याच्या खटल्यात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. 2014 च्या विधानसभा निवडणुकीतला उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला की नाही, एवढा वाद. पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओचा. दाखला मागूनही अधिकारी देईनात. न्यायालयाने सांगितलं की दाखला सक्तीचाच, पण ज्याने मिळवण्यासाठी शक्य ते सारं केलं त्याला अशक्य गोष्टीसाठी शिक्षा नाही. दाखला देणाऱ्याला न्यायाधीश बोलावून घेऊ शकतात, खटला संपेपर्यंत तो दाखल होऊ शकतो. आणि मूळ फोनच कोर्टात आणून मालकिणीने साक्ष दिली, तर दाखल्याची गरजही नाही. म्हणजे सुमनच्या हातात 2017 मध्ये जो फोन होता तोच तिचा सर्वांत भक्कम पुरावा होता, आणि आम्ही तो वाचवल्याच्या आनंदात घालवला.

स्क्रीनशॉट बनवता येतो, तेव्हा खात्री मागणं गैर नाही. उद्या एखाद्या बाईविरुद्धही खोटे स्क्रीनशॉट येतील. प्रश्न आहे तो ही खात्री करून घ्यायची जबाबदारी कोणाची आणि केव्हाची.

1973 च्या फौजदारी संहितेनंतर आपल्याकडे तपास पोलिसांचा आणि खटला सरकारी वकिलांचा, अशी फारकत झाली. पोलिसांच्या दाबाखाली खटला चालू नये, हा हेतू चांगलाच. पण त्यामुळे वकिलाला प्रकरण दिसतं ते बहुधा आरोपपत्र गेल्यावर, जेव्हा फोन हरवलेला असतो आणि कंपनीकडची नोंदही पुसली गेलेली असते.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. दाखल्याचे आता दोन भाग आहेत. भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा. म्हणजे बाई स्वतः भरू शकते. भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हा त्या फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा. मजकुरात एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. आता चाळीतल्या बाईने तज्ज्ञ कुठून आणायचा? याचं उत्तर सरकारने द्यायला हवं.

पण मला खटकली ती निराळीच गोष्ट. नव्या संहितेत गुन्ह्याच्या जागी न्यायवैद्यक तज्ज्ञाने जाण्याची सक्ती आहे, ती सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत. अभियोग संचालनालयाच्या उपसंचालकाने पोलिसांचा अहवाल तपासून पाहावा असं लिहिलं आहे, ते सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांसाठी. सातच्या आतले गुन्हे सहायक संचालकाकडे. त्याच्या कामात नुसती ‘देखरेख’ आहे, अहवाल तपासण्याचा शब्द नाही. आता पाहा. पाठलाग, ऑनलाईन सुद्धा, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षं. चोरून चित्रण, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षं. खाजगी अंगाचे फोटो पसरवणं, तीन वर्षं. अश्लील चित्रफीत पाठवणं, पहिल्यांदा पाच. फोनवरून बायकांवर होणारे हे नेहमीचे गुन्हे त्या सातच्या रेषेखाली आहेत, आणि पुराव्याची सर्वांत जास्त नड याच गुन्ह्यांत लागते! शिक्षा वाढवा, असं मी मुळीच म्हणत नाही; ती मागणी आपण पुष्कळदा करून बसलो आहोत. आरोपपत्र जाण्यापूर्वी फोनच्या पुराव्याची कागदं सरकारी वकिलाने तपासावीत, एवढं परिपत्रक काढायला कायदा आड येत नाही.

दुसरं, हा पुरावा जपायचा कसा? केरळमध्ये 2017 साली एका अभिनेत्रीवर अत्याचार करून त्याचं चित्रण केलं गेलं. आरोपीने मेमरी कार्डाची प्रत मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती नाकारली. वकील-तज्ज्ञांसह पाहा, पण प्रत नाही. निकाल मोलाचा. पण पुढे त्या कार्डाची हॅश व्हॅल्यू बदलल्याचं उघड झालं, कोर्टाच्या ताब्यात असताना ते बेकायदा उघडलं गेलं होतं, आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयाला चौकशीचा आदेश द्यावा लागला. आपल्याकडची फीत कोणत्या कपाटात आहे, किल्ली कोणाकडे आहे, हे सरकारी वकिलांना विचारायची सवय आपल्यालाही लावून घ्यावी लागेल.

हुंडाबळींच्या काळात आपण पंचनामा वाचायला शिकलो, मृत्युपूर्व जबाब कोणासमोर झाला ते विचारायला शिकलो. ते कोणी शिकवलं नव्हतं. आता आमच्या खोलीत बाई आली की आम्ही आधी सांगतो: काही पुसू नका, फोन विकू नका, बिघडला तरी ठेवा. फोन जप्त झाला तर पंचनाम्यात हॅश व्हॅल्यू लिहून घ्या, आणि प्रत निघाल्यावर फोन सुपूर्तनाम्यावर परत मागा. फिर्यादीला सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. तो कोर्टाच्या परवानगीने आणि त्यांच्यामार्फतच बोलेल, पण निदान फाईल आदल्या दिवशी उघडली जाईल.

गेल्या महिन्यात सुमन आली होती, नव्या एका मुलीला घेऊन. मुलीने फोन काढला तशी सुमनच म्हणाली, ‘थांब, आधी चार्जिंग कर. बंद पडायला नको.’