दाभोळची वीज घेतली नाही, तरी पैसे का द्यायचे? गॅसच्या भांडणाचा मंचरच्या बिलाशी काय संबंध?

मंचरमधल्या कुठल्याही घराचं महावितरणचं बिल घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी एकाखाली एक दिसतील. बहुतेक जण थेट खालचा आकडा बघतात आणि बिल भरून टाकतात. पण या दरांमागे असेही खर्च असतात, जे वीज वापरली नाही तरी चुकत नाहीत. महाराष्ट्रातलं याचं सर्वात गाजलेलं उदाहरण आहे दाभोळ.

प्रकल्प दाभोळचा म्हणतात, पण तो आहे खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. एन्रॉनचा हा प्रकल्प १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला आणि महागड्या विजेच्या वादात २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर (आरजीपीपीएल) ही कंपनी काढून तो हाती घेतला. एप्रिल २००७ मध्ये महावितरणने त्यातली ९५ टक्के वीज घेण्याचा करार केला. क्षमता होती जवळपास २ हजार मेगावॅट. प्रश्न एकच उरला होता, गॅस कुठून आणायचा?

स्वस्त गॅस आला आणि गेला

आंध्रच्या किनाऱ्यालगत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सला मोठा गॅससाठा सापडला होता. दरावरून भांडणं गॅस बाहेर येण्याआधीच सुरू झाली. २००४ मध्ये एनटीपीसीच्या गुजरातमधल्या कवास आणि गंधार प्रकल्पांसाठी रिलायन्सने दहा लाख बीटीयूला २.३४ डॉलर दराची बोली लावली. (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक. गॅसचा भाव लिटरवर नाही, उष्णतेवर ठरतो.) पण अंतिम कराराच्या अटींवरून बिनसलं आणि २००५ मध्ये एनटीपीसी मुंबई उच्च न्यायालयात गेली. २००७ मध्ये सरकारने याच गॅससाठी ४.२० डॉलर दर मान्य केला. अंबानी बंधूंमधला गाजलेला खटलाही याच २.३४ डॉलरवरून होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गॅस देशाचा आहे, त्याचा दर आणि वाटप सरकारच ठरवणार.

एप्रिल २००९ पासून हा गॅस येऊ लागला आणि दाभोळलाही मिळाला. २०१० मध्ये उत्पादन दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरपर्यंत गेलं. त्यानंतर ते असं घसरलं की तीन-चार वर्षांत पाव भागही उरला नाही. वाटपात खत कारखान्यांचा नंबर आधी लागत असल्याने वीज प्रकल्पांच्या वाट्याला २०१३ पर्यंत जवळपास काहीच राहिलं नाही.

खरं भांडण इथे आहे

दाभोळचा गॅस २०११ पासून आटू लागला. कंपनी म्हणाली, आयात केलेला द्रवरूप गॅस, म्हणजे एलएनजी, वापरून वीज देऊ. महावितरणने नकार दिला.

नकार का, ते साध्या हिशोबाने कळतं. चांगल्या गॅस प्रकल्पात दहा लाख बीटीयूमधून ढोबळमानाने १३५ युनिट वीज निघते. गॅस ४.२० डॉलरला आणि डॉलर ४५ रुपयांना धरला, तर एका युनिटला सुमारे १ रुपया ४० पैशांचा गॅस लागतो. गॅस १२ डॉलर आणि डॉलर ५५ रुपये झाला की तोच खर्च ५ रुपयांच्या घरात जातो. वाहतूक, कर आणि प्रकल्पाचा स्थिर खर्च वेगळाच.

पण करारात विजेचे पैसे दोन भागांत होते. जेवढी वीज घेतली तेवढा इंधनखर्च, हा एक. दुसरा म्हणजे प्रकल्प वीज द्यायला तयार आहे म्हणून द्यायचा क्षमता आकार. आरजीपीपीएलचं म्हणणं होतं, एलएनजीवर आम्ही तयार आहोत, तुम्ही वीज घेत नाही हा तुमचा प्रश्न. महावितरण म्हणत होतं, आमच्या संमतीशिवाय महागडं इंधन ठरवलं, तर ती तयारी आम्ही मोजणार नाही.

केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१३ मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. २०१५ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचं अपील फेटाळलं. करारात एलएनजी हे मूळ इंधन म्हणून लिहिलेलंच आहे, त्यासाठी वेगळी संमती लागत नाही, असा निकालाचा गाभा.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबरच वाटतो. चूक २००७ च्या करारात होती. एन्रॉनमध्ये महाग इंधन आणि सक्तीचे पैसे यांनी हात पोळल्यावरही इंधन महागलं तर भुर्दंड कोणाचा, हे ग्राहकाच्या बाजूने लिहून घेतलं गेलं नाही.

मग गॅस प्रकल्प हवेत कशाला?

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांना बिबट्याच्या भीतीने रात्री मोटार चालू करायला जाणं नको झालंय. दिवसा वीज द्या ही मागणी जुनी आहे आणि सौर कृषी वाहिन्यांमुळे ती हळूहळू पुरी होऊ लागली आहे. अडचण येते सूर्य मावळल्यावर. सौर वीज थांबते आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही लागतात. कोळशाचा थंड पडलेला संच सुरू व्हायला बरेच तास लागतात, गॅसचा त्या मानाने लवकर. म्हणून संध्याकाळच्या त्या चार-पाच तासांसाठी गॅस कामाचा आहे. पण गॅस परवडला तर. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर आशियात एलएनजीचा भाव काही काळ ५० डॉलरच्या वर गेला होता. वरच्या हिशोबात तो घालून बघा. महानिर्मितीचा उरणचा ६७२ मेगावॅटचा प्रकल्पही पुरेशा गॅसअभावी वर्षानुवर्षं कमी क्षमतेने चालत आला आहे.

वीजखरेदीचा असा खर्च शेवटी दरात येतो, पण त्याआधी राज्य वीज नियामक आयोगापुढे दराची जाहीर सुनावणी होते. हरकत कोणताही ग्राहक नोंदवू शकतो. पुण्यातही या सुनावण्या झाल्या आहेत आणि मंचरहून पुणे साठेक किलोमीटर आहे. तिथे विचारण्यासारखा पहिला प्रश्न हा, की न घेतलेल्या विजेसाठी यंदा क्षमता आकार किती गेला आणि कोणत्या प्रकल्पाला.