तिसरे डॉक्टर

विश्रांतवाडीच्या आमच्या मेव्हण्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. बिलात सर्जन तीन! एकाने पोटातून वाट करून दिली, दुसऱ्याने मणका बसवला. तिसरे कोण, म्हणून विचारले, तर काउंटरवरचे गृहस्थ पंख्याकडे पाहू लागले. अमेरिकेत मेडिकेअर दोघा बरोबरीच्या सर्जनांना ठरल्या रकमेचे साडेबासष्ट-साडेबासष्ट टक्के देते, म्हणजे हिशेब तरी कळतो. आपल्याकडे दरपत्रक दर्शनी लावण्याचा नियम २०२१ चा. ते सापडले, कुंडीमागे! साहाय्यकाचा दर त्यात होता. बिल चोख, वाचकहो! पण आदल्या दिवशी कुणी सांगते, तर ताईला ऐन रात्री बांगड्या घेऊन सराफाचे दार ठोठवावे लागते ना. तिसऱ्या डॉक्टरांचे दर्शन मात्र मेव्हण्यांना अजून घडायचे आहे.